तीनशे ग्रॅम

कौशल्येचं पत्र येऊन आता चौदा महिने झाले. ते मी रस्सीखेचीच्या नियमपुस्तकात ठेवलं आहे, बाविसाव्या पानाशी. वहीतून फाडलेला एक कागद. भाषा मराठी, लिपी कन्नड. बेंगळुरूच्या आमच्या जुन्या मराठा घरांतली मुलं मराठी घरात बोलतात आणि शाळेत कन्नड शिकतात. लिहायची वेळ आली की हात जिकडे वळतो तिकडे लिहितात, आणि आजोबांना अज्जा म्हणतात.

"अज्जा, नमस्कार. वजनाच्या वेळी मी जे बोलले ते तुमचं वय बघून बोलले. मला वाटलं, नंतर तुम्ही सांगाल. तुम्ही सांगितलं नाही. मला तीन वर्षांची बंदी घातली आहे. बंदी असली की खेळाडूंच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येत नाही, आणि तीन वर्षांनी माझं वय बसणार नाही. तुम्ही एक ओळ लिहून द्या. खरं काय झालं तेवढंच. मला तुमचा राग आला आहे, पण ओळ दिलीत तर जाईल. अक्कांना नमस्कार. कौशल्या."

एक ओळ. छत्तीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, आणि ती एक ओळ मला लिहिता आली नाही. कितीदा बसलो. "तुझं पत्र मिळालं" इथपर्यंत यायचो, मग माझी शुगर, मग इकडची हवा, मग कागद चुरगळून टोपलीत.

ह्या कामात मी कसा आलो ते आधी सांगायला हवं. मी कधी दोराला हात लावलेला नाही. आमच्या कॉलेजच्या मैदानावर रस्सीखेचीचे सामने व्हायचे आणि नियम वाचलेला माणूस कोणी नसायचा, म्हणून मला टेबलावर बसवायचे. मी पुस्तक मागवलं, खाकी कव्हर घातलं, पेन्सिलीनं खुणा केल्या. पुढं संघटनेचे सचिव शंभूराज कुठलीही शंका आली की मला फोन करायचे. मला त्याचा अभिमान होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

रस्सीखेच म्हणजे गणपतीत गल्लीत ओढतात तेवढंच नव्हे. एका बाजूला आठ जणी, आणि आठ जणींचं मिळून वजन ठरलेलं. आमच्या मुलींच्या गटाला पाचशे किलो. एकटीचं वजन कितीही असो, बेरीज पाचशेच्या वर जाता कामा नये. त्यामुळं त्या मुलींचं पोटसुद्धा एकत्र कुटुंबासारखं होतं. येलहंक्याच्या मैदानाजवळच्या भिंतीवर खडूनं आठ आकडे लिहिलेले असायचे. दोराच्या शेवटी उभी राहणारी यल्लव्वा एकाहत्तर किलोंची; तिचं अर्धा किलो वाढलं की दुसरी कोणीतरी रात्रीचा भात सोडायची. कोणी सोडायचा ते कॅप्टन ठरवायची. कॅप्टन कौशल्या. बहुतेक वेळा ती स्वतःच सोडायची.

जर्मनीच्या स्पर्धेचं ठरलं तेव्हा शंभूराज घरी आले. "पिराजीराव, मॅनेजर म्हणून तुम्ही चला. इंग्रजी चांगलं, नियम पाठ. आणि मुलींबरोबर वयस्क माणूस असला म्हणजे कोणाला काही बोलायला जागा नाही."

मी सत्तर वर्षांचा. कधी देशाबाहेर गेलेलो नाही. मी हो म्हणालो.

आमची बायको, सकवारबाई, मुलींच्या अक्का, तिनं प्रवासाला चाळीस दशम्या केल्या. दुधात कणीक भिजवून, स्वल्प गूळ घालून. तीन दिवस काही होत नाही त्यांना. सोबत शेंगदाण्याची चटणी. "परक्या मुलखात काय मिळेल काय नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मुली खाणार नाहीत, त्यांचं वजन असतं." ती म्हणाली, "वजन असतं म्हणून तर खायचं असतं. तुमच्या पुस्तकात नसेल तर लिहून घ्या."

विमानतळावर तिकिटं हातात आली तेव्हा कळलं. बेंगळुरूहून मुंबई. मुंबईहून आखातातलं एक शहर. तिथं एकोणीस तास बसायचं. तिथून पोलंडची राजधानी, आणि तिथून बसनं तेरा तास. मी बेरीज केली. सत्तावन्न तास. मुलींनी विचारलं, शंभूराज सर कुठं आहेत? ते, त्यांची बायको आणि त्यांचे मेहुणे दोन दिवसांपूर्वीच गेले होते. मध्ये एकदाच उतरून.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. नियमाप्रमाणं नऊ जणी नेता येतात, नववी राखीव. आमची नववी अक्षरा, चोपन्न किलोंची, जाळीच्या दारापलीकडं आईबरोबर उभी होती. ती निरोप द्यायला आली होती. तिला आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं, "तुझी जागा झाली नाही." जागा मेहुण्यांना झाली होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या हातात फोन होता. मी नियमपुस्तक उघडून राखीव खेळाडूचं कलम वाचलं, ते बरोबर आहे हे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं.

मुंबईला तपासणीत बुटांवरून अडलं. ओढताना पाय रोवायला टाचेला लोखंडी पट्टी असते. आठ जोड्या बाहेर काढल्या. शिपाई म्हणाला, "ये क्या है, हथियार?" यल्लव्वा त्याला हिंदीत म्हणाली, "साहेब, हे पायात घालतात. डोक्यात घालायची वेळ अजून आलेली नाही." मुली हसल्या. तोवर त्या हसत होत्या.

आखातातल्या त्या विमानतळावर सगळं चकचकीत होतं आणि आडवं व्हायला कुठं जागा नव्हती. खुर्च्यांना मधे मधे लोखंडी हात. बाहेर जायला परवाना नाही. मुली गालिच्यावर पाय भिंतीला लावून पडल्या, कारण पाय सुजले की वजन दिसतं असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. दर दोन तासांनी सफाईवाला येऊन उठवायचा. त्यात त्या जेवत नव्हत्या. निघताना बेरीज चारशे नव्व्याण्णव किलो दोनशे होती. मोकळीक आठशे ग्रॅमची, म्हणजे माणशी शंभर. पाणीसुद्धा बाटलीच्या झाकणानं प्यायच्या. कौशल्या झाकण भरून द्यायची, देवळात तीर्थ देतात तसं.

समोर लोक बर्गर खात होते.

"अज्जा," यल्लव्वा म्हणाली, "तुमच्या पुस्तकात बघा बरं, रागाचं वजन धरतात काय?"

"का गं?"

"धरत असतील तर आपण इथंच बाद. माझा एकटीचाच दहा किलो होईल."

कौशल्या म्हणाली, "गप ग यल्ला. अज्जांना हसवू नको, त्यांना बाथरूम लांब आहे."

मी दशम्यांचा डबा उघडला नाही. मीही खाल्लं नाही. मला वाटलं, एवढं तरी आपण करू. कुणाला त्याचा काय उपयोग होता?

पोलंडला उतरलो तेव्हा शनिवारची पहाट झाली होती. बस पाच वाजता सुटली. दुपारी एकच्या सुमारास पेट्रोल भरायला बस थांबली, आणि आसावरी जागेवरून उठली ती दोन पावलांवर खाली कोसळली. ही महादेवपुऱ्याची, नागपूरहून आलेल्या घरातली मुलगी, संघात सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची. ओठ पांढरे, जीभ चिकटलेली. ड्रायव्हरला आमची भाषा कळेना, आम्हाला त्याची. त्यानं साखरेच्या पुड्या आणून दिल्या आणि माझ्याकडं असं पाहिलं की ते मला अजून आठवतं. एका म्हाताऱ्यानं आठ पोरींना उपाशी मारायला चालवलं आहे, असं त्या नजरेत होतं. चूक नव्हतं.

मी डबा काढला. फडकं सोडलं. दशम्यांचा वास बसभर पसरला.

"खा," मी म्हणालो.

कोणी हात पुढं करेना. सगळ्यांनी कौशल्येकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"अज्जा, वजन कधी आहे?"

"उद्या सकाळी. स्पर्धेच्या दिवशी आठ वाजता."

"नक्की ना? आज नाही ना?"

"पान बावीस," मी म्हणालो आणि पुस्तक उघडून दाखवलं. खाली पेन्सिलीची रेघ होती, माझीच. "आज खा, पाणी प्या. रात्रभर वेळ आहे. सकाळपर्यंत उतरेल."

त्यांनी खाल्लं. मी आयुष्यात कुणाला असं खाताना पाहिलं नव्हतं. यल्लव्वा दशमी खाताना रडत होती आणि "चटणी तिखट आहे" म्हणत होती. आसावरी उठून बसली. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. कौशल्येनं सगळ्यांत शेवटी एक घेतली, तिचा तुकडा मोडून आधी मला दिला. मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला चांगला दिवस आहे. डब्यात सात दशम्या उरल्या.

साडेसहाला पोचलो. मैदानाच्या दारातच शंभूराज उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात मीठ लावलेला पाव. "अरे चला चला! वजन सातला बंद होतंय!"

"वजन उद्या ना?" मी म्हणालो. 

"आज. सहा ते सात. कार्यक्रम आठ दिवसांपूर्वीच आलाय." त्यांनी फोन काढून दाखवला. त्यात तो होता. आठ दिवस त्यांच्याच फोनमध्ये होता. माझं पुस्तक आठ वर्षांपूर्वीचं होतं. मधे नियम बदलला होता, आणि तो बदलला असेल असं त्या पुस्तकाला कव्हर घालणाऱ्या माणसाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

एकेक मुलगी काट्यावर चढली. पांढऱ्या केसांची एक पंच बाई आकडे लिहीत गेली. बेरीज पाचशे एक किलो शंभर.

सातला बावीस मिनिटं होती. पंच बाई म्हणाली, सातच्या आत पुन्हा एकदा वजन करता येईल. मुलींनी होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवले आणि गाड्या लावायच्या जागेत पळायला लागल्या. सत्तावन्न तासांच्या सुजलेल्या पायांनी. कौशल्या एका झाडामागं गेली आणि तोंडात बोटं घालून ओकली. माझ्या बायकोच्या हातची दशमी. मी तिथंच उभा होतो, पुस्तक काखेत धरून.

सातला चार मिनिटं कमी असताना पुन्हा बेरीज झाली. पाचशे किलो तीनशे ग्रॅम.

तीनशे ग्रॅम म्हणजे तीन दशम्या.

पंच बाईनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमची नववी कुठं आहे? एखाद्या भारी मुलीऐवजी तिला घेता येईल." मी मागं वळून पाहिलं. मेहुणे उभे होते. थंडी होती म्हणून त्यांनी संघाचं जॅकेट घातलं होतं, पाठीवर नऊ आकडा. पोटावर चेन लागत नव्हती. अक्षराचं जॅकेट.

माझे हात पुस्तक धरून होते.

शंभूराज मुलींकडं वळले. "खाऊन आलात काय? वजनाच्या दिवशी? लाज वाटत नाही? कोणी दिलं खायला?"

कौशल्येनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मी माझ्या बुटांकडं पाहिलं.

"मी सांगितलं, खा म्हणून," ती म्हणाली. "कॅप्टन मी आहे."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात शंभूराजांनी माझ्यापुढं कागद ठेवला. "अहवाल लिहा, पिराजीराव. तुमच्या मनचं काही घालू नका. जे घडलं तेच. ती काय म्हणाली? तेच लिहा. अवतरणचिन्हात."

मी लिहिलं. कॅप्टननं सांगितलं की, "मी सांगितलं, खा म्हणून." तिचेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला वाटलं, अवतरणचिन्हांच्या आत आहे ते खोटं कसं असेल? खाली सही केली. परतीचे सत्तावन्न तास कौशल्या माझ्याशी आदरानं बोलली. पाणी आणून दिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होती, हे मला कळत होतं.

मग बंदी, मग तिचं पत्र, आणि मग माझे चौदा महिने.

ह्या चौदा महिन्यांत मी एकच करत होतो: चूक कोणाची ते तोलत होतो. कार्यक्रम लपवून ठेवणाऱ्याची, की जुनं पुस्तक वाचणाऱ्याची? तिकिटं काढणाऱ्याची, की डबा उघडणाऱ्याची? एक दिवस पारडं इकडं, एक दिवस तिकडं. सकवारबाई म्हणायची, "माझ्या दशम्यांनी पोरी हरल्या म्हणे. त्या मुलीला एवढं तरी कळवा, दशम्या माझ्या, हात तुमचा." मी म्हणायचो, "लिहितोय." ती म्हणायची, "तुम्ही लिहिताय तोवर तिला नातवंडं होतील."

परवा बुधवारी शंभूराज आले. हातात म्हैसूरपाकाचा डबा, चेहऱ्यावर हसू.

"पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. नवा संघ. मॅनेजर तुम्हीच."

मी तिकिटांचा कागद मागितला. त्यांनी दिला. मी बेरीज केली. एकसष्ट तास.

"एक विमान वाढलंय फक्त," ते म्हणाले. "बाकी तेच."

"तुम्ही?"

"मला पाठीचा त्रास आहे हो. मी आधी जाऊन बसतो, सोय बघायला." मग त्यांनी दुसरा कागद काढला. "आणि हे एक. सोमवारी समितीची बैठक आहे. कौशल्येनं अर्ज केलाय, बंदी उठवा म्हणून. ह्या वेळी नाही उठली तर तीन वर्षं पूर्ण भोगायची. सगळं तुमच्या अहवालावर आहे. तुम्ही फक्त 'माझा अहवाल कायम आहे' एवढं लिहून सही करा. एक ओळ."

पुन्हा एक ओळ.

"मीच का?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मॅनेजर म्हणून दरवेळी मीच का?"

ते मोकळेपणानं हसले. "अहो, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही. भांडत नाही, वर बोलत नाही, दिलेलं लिहितो. नाहीतर आजकालचे लोक!"

त्यांनी ते स्तुती म्हणून म्हटलं होतं. मला तर माझ्याबद्दल आयुष्यभर नेमकी हीच शंका होती, आणि ती इतक्या सहज, म्हैसूरपाकाचा डबा मांडीवर ठेवून, कोणी खरी ठरवेल असं वाटलं नव्हतं. पत्र वाचताना यायला हवा होता, जाळीपलीकडच्या अक्षराला पाहून यायला हवा होता, झाडामागून ओकण्याचा आवाज आला तेव्हा यायला हवा होता, तो राग मला यशवंतपूरच्या माझ्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर बसून आला. उशिरा आला म्हणून लहान नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"सही नाही. येणं नाही. एकसष्ट तास नाही. त्या आठ मुलींना एकसष्ट तास नेलंत तर मी..." पुढं काय करेन ते मला सुचेना. मला धमक्या द्यायची सवय नाही. "तर मी लिहीन."

"काय लिहाल?"

"सगळं."

"पिराजीराव, चूक तुमचीच होती हं. पुस्तक तुमचं जुनं होतं. लिहिलंत तर आधी तुम्हीच उघडे पडाल."

"हो," मी म्हणालो. "तेही लिहीन."

आतून सकवारबाई बाहेर आली. तिनं म्हैसूरपाकाचा डबा उचलून त्यांच्या हातात परत दिला. "घेऊन जा, अण्णा. आमच्याकडं गोड चालत नाही, ह्यांना शुगर आहे." ते गेले. 

बुधवारची दुपार आणि गुरुवार लिहिण्यात गेले. दोन पत्रं. समितीचं इंग्रजीत. त्यात लिहिलं: मुलींना खा असं मी सांगितलं. वजन उद्या आहे असं मी सांगितलं. माझं पुस्तक जुनं होतं. नवा कार्यक्रम सचिवांकडं आठ दिवस होता आणि त्यांनी तो कळवला नाही. नवव्या खेळाडूच्या जागी सचिवांचे मेहुणे आले. सत्तावन्न तास लागले. कौशल्येनं खायला सांगितलं नाही. तिनं माझ्या वयाचा मान राखला, आणि मी तिचं वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं. माझा अहवाल खोटा आहे. आणि शेवटी, नव्या संघाची तिकिटं बदलेपर्यंत त्यांना पाठवू नये.

दुसरं कौशल्येला. ते कन्नड लिपीत, मराठीत. तिच्या ओळींपेक्षा फार लांब झालं नाही. "कौशल्या, तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला चौदा महिने लावले, त्याला कारण नाही, मी भित्रा आहे. सोबत समितीला लिहिलेल्या पत्राची प्रत आहे. सोमवारी बैठकीला मीही येणार आहे; बोलता आलं नाही तर हेच वाचून दाखवीन. माझ्यावरचा राग जाईल असं तू लिहिलं होतंस. एवढ्यात घालवू नकोस. मला अजून समितीपुढं उभं राहायचं आहे. यल्लव्वाला सांग, रागाचं वजन धरत नाहीत. अज्जा."

आज शुक्रवार. सकाळी पोस्टात गेलो. पुढं सहा जण होते. दोनदा वाटलं, शेवटचं वाक्य काढावं. एकदा वाटलं, घरी जाऊन पुन्हा नीट लिहावं. रांग पुढं सरकली.

खिडकीतल्या बाईनं दोन्ही पाकिटं एकेक करून वजनकाट्यावर ठेवली. मी आकड्याकडं पाहिलं नाही.

"ओळगे एनिदे?" तिनं विचारलं. आत काय आहे?

"पत्र," मी म्हणालो. "उद्या पोचेल ना? सोमवारच्या आत पोचायला हवं."

"गावातलंच आहे. उद्या पोचेल, सरी?" ठीक आहे ना?

"सरी."

तिनं शिक्के मारले आणि दोन्ही पाकिटं मागच्या पिशवीत टाकली.